सूर्याचा उतरता सूर

लढाऊ विमानांचा कारखाना असलेलं ओझर उशाशी असल्याने या विमानांचं नाशिककरांना फारसं अप्रूप नाही. पण एखाद्या दुपारी आभाळात ‘धडाम्’ होतं, खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि मिनिटभरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भूकंप होऊन जातो. जमीन हललेली नसतेच. विमान आवाजाला मागे टाकून गेलेलं असतं. बाजूला व्हायला सवड न मिळालेली हवा दाबली जाते आणि दाबाची ती भिंत आपल्या काचांवर आदळते. हाच आघाततरंग, म्हणजे शॉक वेव्ह.

सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणात, म्हणजे करोनातही असंच घडतं. तिथे विमानाऐवजी असतो अब्जावधी टन तप्त वायूचा लोळ. सेकंदाला हजार किलोमीटर, म्हणजे नाशिकहून सरळ रेषेत दिल्ली एका सेकंदात! करोना इतका विरळ की तिथले कण एकमेकांना क्वचितच धडकतात. मग धक्का पुढे नेतं कोण? चुंबकीय क्षेत्र. ताणलेल्या दोरीसारख्या त्याच्या रेषांवरून लहरी सेकंदाला काहीशे किलोमीटरने पळतात. लोळ त्यांनाही मागे टाकतो, आणि आघाततरंग उठतो.

खरी गंमत पुढे आहे. या धक्क्याने वेग घेतलेले इलेक्ट्रॉन भोवतालच्या प्लाझ्माला, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूला, झुलवतात आणि त्यातून रेडिओलहरी निघतात. झोका किती जलद, हे तिथल्या इलेक्ट्रॉनच्या दाटीवर ठरतं. घन सेंटीमीटरमध्ये सुमारे १२ कोटी असतील तर १०० मेगाहर्ट्झ, अगदी आपल्या एफएमच्या पट्ट्यात. तरंग वर सरकला, दाटी पावपट झाली की ५०. म्हणून सूर उतरत जातो.

मार्च १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियात रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ रूबी पेन-स्कॉट आणि सहकाऱ्यांनी हे पकडलं. एकच स्फोट आधी २००, मग १००, मग ६० मेगाहर्ट्झवर, मिनिटांच्या अंतराने. काहीतरी सूर्यापासून बाहेर धावतंय, हे त्यांनी ओळखलं. सुरावरून दाटी, दाटीवरून उंची, दोन उंचींमधल्या वेळेवरून वेग! अडचण एकच: कुठल्या उंचीवर किती दाटी, हे आधी गृहीत धरावं लागतं, आणि सूर्य काही रोज सारखा नसतो.

कर्नाटकात गौरीबिदनूरच्या अँटेना हे सूर टिपतात. साधारण १० मेगाहर्ट्झच्या खाली मात्र पृथ्वीचं आयनमंडल, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, दार लावून घेतं. तिथून पुढचा पाठलाग अंतराळयानांकडे. रेडिओलहरी आठ मिनिटांत येतात. हजार किलोमीटरच्या वेगाने सुटलेला लोळ पावणेदोन दिवसांनी, तोही आपल्या दिशेने निघाला असेल आणि वाटेत मंदावला नसेल तर.