पशुप्रतिमा व भावाविष्कार (मुंबईतील दृश्यकला)

भय, वेदना, आसक्ती, उन्माद असे मानवी भाव प्राण्याच्या देहातून दाखवण्याची चित्र-शिल्पकलेतील रीत. माणूस रंगवला की तो कोण, कुठला, कोणत्या धर्माचा हे प्रश्न आधी उभे राहतात. प्राण्याला ते कोणी विचारत नाही. ताणलेली मान, आखडलेले पाय, फेंदारलेल्या नाकपुड्या एवढ्यावर भाव पोचतो. पिकासोच्या ‘गेर्निका’ या युद्धविरोधी चित्रातील (१९३७) किंचाळणारा घोडा सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या चित्रकारांना असे प्राणी शहरातच भेटले.

यांत सर्वांत वजनदार काम तैयब मेहता (१९२५–२००९) यांचे. १९४७ च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाचा जीव घेतलेला त्यांनी घरातून पाहिला होता. पुढे वांद्र्याच्या कत्तलखान्यात त्यांनी बैलांची रेखाटने केली आणि १९५० च्या दशकापासून पाय बांधून आडवा पाडलेला बैल त्यांच्या चित्रांत आला. या बैलाच्या डोळ्यांत करुणा शोधण्यात अर्थ नाही. एवढे प्रचंड बळ हलूच शकत नाही, ही कोंडी सगळी वेदना सांगते. ‘कूडल’ (१९७०) या त्यांच्या लघुपटातही कत्तलखान्याची दृश्ये आहेत. १९९० च्या दशकातील महिषासुर-चित्रांत देवी आणि रेडा एकमेकांत असे गुंतले आहेत की वध कुठे संपतो आणि आलिंगन कुठे सुरू होते ते कळत नाही. महिषासुराशी नाते सांगितल्या जाणाऱ्या म्हसोबाला शेंदूर लावणाऱ्या मराठी मुलखाला यात फारसे नवल वाटू नये.

म. फि. हुसेन (१९१५–२०११) पंढरपूरचे. मुंबईत त्यांनी सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरले. मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल (इमाम हुसेन यांच्या घोड्याचे प्रतीक) आणि चीनच्या प्रवासात पाहिलेले तांग राजवटीच्या काळातील मातीचे घोडे ही त्यांच्या घोड्यांची उगमस्थाने मानली जातात. मागे वळलेली मान आणि हवेत उधळलेले खूर यांत आवेग आहे, कामना आहे, क्वचित घाबरगुंडीही. मात्र उत्तरकाळात हे घोडे इतके निघाले की भाव मागे पडून सहीच उरली. काळा घोडा चौकात २०१७ मध्ये बसवलेला स्वाराविना घोडा या परंपरेत जेमतेमच बसतो; त्यात भावापेक्षा तिथून हलवलेल्या जुन्या अश्वारूढ पुतळ्याची आठवण जास्त आहे.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण (१९२१–२०१५) यांना कावळ्यांचे वेड होते. पिंडाशी जोडला गेलेला हा पक्षी त्यांच्या रेखाटनांत बेरकी, चौकस आणि पुरता जिवंत दिसतो.

आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवर वारली समाजाची वस्ती आहे. वारली चित्रांत माणसांना नाकडोळे नसतात, त्यामुळे भाव अंगाच्या कलण्यावरच पेलावा लागतो. या चित्रांतील वाघदेवाविषयीची भावना एकट्या चित्रकाराची नसते. तिच्यात धाक आणि आपलेपणा दोन्ही असतात, आणि बिबट्या आजही त्या पाड्यांजवळून फिरत असल्याने ती जुनी झालेली नाही.