सातपूर औद्योगिक वसाहतीच्या आधीचे नाशिक: औद्योगिक वारसा फेरीची पार्श्वभूमी

नाशिकच्या उद्योगांचा इतिहास बहुधा १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळापासून आणि १९६४ च्या ओझरच्या विमान कारखान्यापासून सांगितला जातो. जुन्या गावठाणातील वारसा फेरीचा विषय त्याआधीचे, हरवत गेलेले उद्योग हा आहे. तांबट-कासारांची घडणावळ, ट्राम आणि मूकपटांची कंपनी यांपैकी कशालाच गिरणीसारखे धुराडे नव्हते. त्यांची गणना ‘उद्योगा’त फारशी झाली नाही, याचे तेही एक कारण असावे.

यांतील सर्वांत जुना आणि दीर्घायुषी धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील नाशिकविषयक खंडानेही त्याची दखल घेतली आहे. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, येणारा यात्रेकरू, आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थात लोटणारी गर्दी, हे या धंद्याचे हक्काचे गिऱ्हाईक होते. ताम्हण, पळी-पंचपात्री आणि गडू यांच्या जोडीला आसपासच्या गावांतून हंडे, घंगाळी आणि बंबांना मागणी असे. तांबट लेनमध्ये फेरी थोडी रेंगाळावी, कारण तेथील कामाची रीत समजून घेण्याजोगी आहे. पत्रा भट्टीत लाल करून पाण्यात विझवला की तांबे मऊ पडते, पण ठोकत गेल्यावर ते पुन्हा कडक होऊन चिरण्याची भीती असते. म्हणून एकच हंडा भट्टी आणि ऐरण यांच्यामध्ये अनेकदा फिरतो. अखेरीस मठारताना, म्हणजे हातोडीचे सारखे ठोके देताना, एकाला एक लागून जे ठसे पडतात, ते आज नक्षी म्हणून कौतुकाने दाखवले जातात. वस्तुतः त्या ठोक्यांनी भांड्याला ताठपणा येतो आणि शोभा ही नंतरची गोष्ट आहे.

१८६५ मध्ये थळ घाटातील लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईच्या बंदरात उतरणारा परदेशी पत्रा तांबटांच्या दारापर्यंत येणे सोपे झाले. मात्र स्थानक गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर राहिले, आणि नाशिकच्या पुढील वाटचालीवर या अंतराइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच झाला नसावा. ते भरून काढण्यासाठी १८८९ च्या सुमारास ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर घोड्यांची ट्राम आली. तिचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी पुढे त्याच रुंदीची बार्शी लाइट रेल्वे उभारली. मेन रोडवरील जुन्या नगरपालिकेजवळून नाशिकरोड स्थानकापर्यंत धावणारी ही ट्राम प्लेग, दुष्काळ आणि तोटा सोसत १९३० नंतरच्या काही वर्षांत बंद पडली.

त्याच सुमारास दुसरा एक उद्योग मावळला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या यशानंतर दादासाहेब फाळके यांनी आपला मुक्काम नाशिकला हलवला होता आणि १९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी येथेच उभी राहिली. बोलपटांच्या लाटेत ती टिकली नाही. फाळक्यांचे आजचे स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, म्हणजे गावठाणाच्या वाटेपासून बरेच लांब आहे.

तांबटांचा धंदा मात्र एका फटक्यात गेला नाही. आधी ॲल्युमिनियम, मग स्टेनलेस स्टील स्वयंपाकघरात शिरले. पितळेला लागणारी कल्हई नकोशी झाली, आणि गॅसच्या गिझरने बंबाची गरजच संपवली. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याच्या भावात हाताची मजुरी बसेना. भांडीबाजारात दुकाने आहेत, पावसाळ्यात गोदावरीचे पाणी अधूनमधून त्यांत शिरतेही, परंतु ठोक्यांचा आवाज आता तुरळकच ऐकू येतो.

१९२५ मध्ये टपाल तिकिटांची आणि १९२८ मध्ये नोटांची छपाई सुरू झालेले कारखाने नाशिकरोडला आजही चालू आहेत. ते हरवलेले नाहीत, सुरक्षेमुळे आत प्रवेशही नाही, आणि पायी जाण्यास ते अंतर आजही तितकेच गैरसोयीचे असल्याने फेरी मेन रोड, भांडीबाजार, तांबट लेन आणि गोदाघाट एवढ्याच परिसरात आखलेली बरी.