संप्रेषणाधिष्ठित इंग्रजी शिक्षण

माणसे ज्या कारणांसाठी एकमेकांशी बोलतात वा एकमेकांना लिहितात, ती कारणे वर्गात उभी करून त्यांच्या पूर्ततेतून इंग्रजी शिकवण्याची पद्धती. विचारणे, कळवणे, वाट सांगणे, नकार देणे, तक्रार करणे, भाव ठरवणे ही या पद्धतीत शिकवण्याची एकके असतात. काळ, वचने, शब्दयोगी अव्यये त्यांच्या ओघात येतात. परभाषांच्या अध्यापनात ती साधारणतः १९७० च्या दशकापासून रूढ झाली. महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यक्रमांत तिचा प्रभाव बराच नंतर दिसतो. मराठी शाळांतून इंग्रजी पूर्वी पाचवीपासून सुरू होई, ते २००० च्या जूनपासून पहिलीला आले. लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलांना व्याकरणाचे नियम सांगून उपयोग नसल्याने गाणी, सूचना आणि कृती यांचा मार्ग धरणे तेव्हा भाग पडले.

‘स्पोकन इंग्लिश’च्या शिकवण्यांशी या पद्धतीची नेहमी गल्लत होते. त्या शिकवण्यांत बहुधा पाठ केलेले संवाद म्हणवून घेतात. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असेल, तर त्या बोलण्याने उच्चाराचा सराव होतो, संप्रेषण होत नाही. उलट फलक वाचून गाडी गाठणे किंवा दोन ओळींची ईमेल लिहून माल परत मागवणे यांत तोंड उघडावे लागत नाही, तरी ते पुरेपूर संप्रेषण असते.

संज्ञा : मराठी प्रतिशब्द अजून स्थिरावलेला नाही. ‘संज्ञापन’ हा शब्द वृत्तविद्येने आपलासा केला आहे. प्रशिक्षणवर्गांतून ‘संवादात्मक पद्धती’ असे म्हणतात, पण संवाद म्हटले की समोरासमोरचे बोलणेच डोळ्यांपुढे येते. अर्ज, सूचना, पावती बाहेर राहतात. म्हणून येथे ‘संप्रेषण’ पत्करले आहे. मूळ इंग्रजीतही ‘कम्युनिकेटिव्ह’ आणि ‘कम्युनिकेशनल’ अशा दोन संज्ञा असून त्यांतील भेद वरवरचा नाही. तो पुढे आला आहे.

उगमाविषयीची मते : भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये भाषिक क्षमता आणि प्रत्यक्ष वापर अशी विभागणी केली व अभ्यासविषय म्हणून क्षमतेला, म्हणजे व्याकरणाच्या अंतर्गत ज्ञानाला, प्राधान्य दिले. मानवशास्त्राच्या अंगाने भाषेकडे पाहणारे डेल हाइम्स यांनी त्यावर आक्षेप घेतला. कोणाशी, कुठे, केव्हा, काय बोलावे आणि केव्हा गप्प राहावे यांचेही नियम असतात आणि त्यांच्यावाचून व्याकरणाचे नियम निकामी होत, असे त्यांचे म्हणणे होते. ‘संप्रेषण-क्षमता’ ही कल्पना येथून आली. हे विवेचन १९६६ च्या एका व्याख्यानातले असून त्याचे सर्वपरिचित मुद्रित रूप १९७२ चे आहे. त्यामुळे संदर्भांत दोन्ही वर्षे आढळतात. हाइम्स यांच्यापुढे परभाषेचा वर्ग नव्हता, वंचित मुलांच्या भाषाविकासाचा प्रश्न होता, हे सहसा नजरेआड होते.

दुसरे मत उगम युरोपात शोधते. युरोप परिषदेच्या पुढाकाराने स्थलांतरित कामगार व प्रौढ यांच्यासाठी भाषा शिकवण्याचे नवे आराखडे आखले गेले. त्यांत डी. ए. विल्किन्स यांनी १९७२ च्या सुमारास कल्पना (वेळ, प्रमाण, स्थान) आणि कार्ये (विनंती, नकार, सहमती) यांवर आधारलेली मांडणी सुचवली. तिच्या आधारे जे. ए. व्हॅन एक यांनी १९७५ मध्ये ‘उंबरठा पातळी’ (परभाषेत रोजचे व्यवहार स्वतः निभावण्याइतकी किमान क्षमता) निश्चित केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली ए१ ते सी२ ही भाषाप्रभुत्वाची आज सर्वत्र दिसणारी श्रेणी याच वंशातली. या मताला पुष्टी अशी, की पाठ्यपुस्तके हाइम्स वाचून बदलली नाहीत, या याद्या हाती आल्यावर बदलली. तरी याद्या हा उगम मानणे अपुरे वाटते. ‘विनंती करण्याचे आठ प्रकार’ पाठ करणे आणि ‘भूतकाळाची आठ रूपे’ पाठ करणे यांत पद्धतीचा फरक कोणता, असा आक्षेप हेन्री विडोसन यांनी तेव्हाच घेतला होता. त्याचे समाधानकारक उत्तर यादीवाल्यांकडे नव्हते.

सॅंड्रा सॅव्हिन्यॉं यांचा १९७२ चा फ्रेंच शिकवण्याचा प्रयोग तुलनेने दुर्लक्षित राहिला. ज्या गटाला आठवड्यातला एक तास केवळ अर्थपूर्ण देवघेवीसाठी दिला, तो व्याकरणाच्या चाचण्यांत मागे पडला नाही आणि प्रत्यक्ष संभाषणात पुढे गेला. मायकेल कॅनाल व मेरिल स्वेन यांनी १९८० मध्ये संप्रेषण-क्षमतेचे व्याकरणिक, सामाजिक आणि डावपेचात्मक असे तीन घटक पाडले. कॅनाल यांनी १९८३ मध्ये संहितेची सुसंगती हा चौथा जोडला. वर्गाच्या दृष्टीने यांतला डावपेचात्मक घटक, म्हणजे शब्द सुचला नाही किंवा नीट ऐकू आले नाही तर निभावून नेण्याची हातोटी, सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी शिकवला जाणारा आहे.

भारतीय दृष्टीने महत्त्वाचा टप्पा म्हणजे एन. एस. प्रभू यांचा शाळांतून इंग्रजी शिकवण्याचा १९७९ ते १९८४ या काळातील बंगळूर प्रकल्प. याचेच विशेषण ‘कम्युनिकेशनल’. ‘कम्युनिकेटिव्ह’हून त्याचा भेद हा, की प्रभूंनी कार्यांची यादी नाकारली. मुलांचे लक्ष अर्थावर खिळले की व्याकरण नकळत घडते, ही त्यांची धारणा होती. आगगाडीचे वेळापत्रक, नकाशा, हिशेब अशी कामे आधी शिक्षकाने सर्व वर्गासमवेत सोडवायची आणि मग तसेच दुसरे काम प्रत्येकाने स्वतंत्रपणे करायचे, असा क्रम होता. कामांचे त्यांनी तीन प्रकार केले : माहितीची दरी (एकाला ठाऊक ते दुसऱ्याला नसते), तर्काची दरी (दिलेल्या माहितीवरून नवे काढायचे असते) आणि मताची दरी (आपले मत वा पसंती सांगायची असते). त्यांतील तर्काच्या कामांकडे त्यांचा कल होता. निम्म्या मुलांना निम्मे काम जमले तर काठिण्य योग्य, हा त्यांचा ठोकताळा मोठ्या वर्गात आजही कामी येतो. गटकार्याला मात्र त्यांनी जवळजवळ फाटा दिला. मुले आपसांत बोलली तर एकमेकांचे मोडके इंग्रजीच घट्ट होईल, अशी त्यांना शंका होती. ॲलन बेरेटा व ॲलन डेव्हिस यांचे १९८५ चे मूल्यमापन प्रकल्पाला सावधपणे अनुकूल आहे. आपल्याकडील प्रशिक्षणांत ‘संप्रेषण म्हणजे गटकार्य’ हे समीकरण इतके पक्के आहे, की या देशातल्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगाने गटकार्य टाळले होते हे सांगितल्यावर आश्चर्य व्यक्त होते.

मराठीभाषकांच्या अडचणी : विनंती कशी करावी, नकार कसा द्यावा हे शिकणाऱ्याला मातृभाषेतून येतच असते, उणीव शब्दांची असते, असे मायकेल स्वॉन यांनी १९८५ मध्ये म्हटले. मराठीपुरते हे निम्मेच खरे आहे. मराठीत आदर क्रियापदातच मुरलेला असतो : ‘खिडकी उघड’, ‘खिडकी उघडा’, ‘खिडकी उघडता का जरा’. तू, तुम्ही आणि आपण हे तिन्ही इंग्रजीत ‘यू’ होतात आणि ‘उघडा’चे भाषांतर ‘ओपन द विंडो’ असे होऊन बसते. बोलणारा आदराने बोललेला असतो, ऐकणाऱ्याला हुकूम ऐकू येतो. इंग्रजीने तो आदर ‘कुड यू’मध्ये ठेवला आहे, हे वेगळे शिकवावेच लागते, नुसते ‘प्लीज’ जोडून भागत नाही.

नकारार्थी प्रश्न हा दुसरा खड्डा. ‘डिडन्ट यू गेट द मेल?’ असे विचारल्यावर मराठी मन ‘हो, नाही मिळाला’ असा विचार करते आणि तोंडून ‘येस’ जाते. विचारणारा मेल मिळाला असे समजून पुढच्या कामाला लागतो. यावर उपाय सोपा आहे : येस-नोवर न थांबता ‘आय डिडन्ट’ किंवा ‘आय डिड’ म्हणायची सवय लावणे. निघताना ‘येतो’ म्हणण्याच्या आपल्या रीतीतून ‘आय ॲम कमिंग’ होते, ‘आजच’मधल्या ‘च’मधून ‘टुडे ओन्ली’. यांपैकी दुसरे भारतभर चालते, पहिल्याने घोटाळा होतो. उच्चारात प, ट, क यांचा प्रश्न आहे. इंग्रजीत शब्दारंभी या व्यंजनांना थोडा श्वास लागतो, मराठी ‘प’ला लागत नाही, म्हणून आपला ‘पिन’ इंग्रजी कानाला ‘बिन’ वाटू शकतो.

माहितीच्या दरीचे काम : पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बसणारे पुढील काम नाशिकच्या मुलांना ओळखीचे वाटते. मध्यवर्ती बसस्थानकावरच्या (बोलण्यात ‘सीबीएस’) फलकासारखा तक्ता करावा. त्र्यंबकेश्वर, वणी, शिर्डी, मालेगाव, पेठ आणि इगतपुरी अशा सहा ओळी. सुटण्याची वेळ, फलाट आणि परतीची शेवटची गाडी असे तीन रकाने. एकूण १८ चौकोन. ‘अ’ कागदावर ९ भरलेले, ‘ब’ कागदावर उरलेले ९. जोडीतल्या दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे आणि विचारून तक्ता पुरा करावा. पाच मिनिटे फळ्यावर दोन चौकोन सर्वांसमक्ष सोडवून दाखवावे (हा प्रभूंचा धडा), पाच मिनिटे ज्याने-त्याने आपले प्रश्न मनात जुळवावे, बारा मिनिटे काम, आठ मिनिटे ताळा. उरलेल्या पाचांत तर्काचा एकच प्रश्न : वणीला जाऊन त्याच रात्री परत यायचे, तर उशिरात उशिरा कोणती गाडी धरता येईल?

तक्त्यात एक वेळ ६:१५ आणि एक ६:५० हेतुपुरस्सर ठेवावी. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ हा फरक मुख्यतः आघातावर उभा आहे. पहिल्यात शेवटच्या अवयवावर जोर येऊ शकतो, दुसऱ्यात नेहमी पहिल्यावर. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नसल्याने मुले दोन्ही सारखेच म्हणतात व ऐकतात. ताळ्याच्या वेळी निम्म्या जोड्यांची गाडी चुकलेली निघते. मग ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?’ असे विचारून खात्री करणे शिकवावे. चुकल्यावर शिकवलेले हे वाक्य टिकते, आधी शिकवलेले वहीत राहते.

काम बिघडण्याची कारणे ठरावीक आहेत. कागद दाखवले जातात, कारण बाक अरुंद असतो आणि दाखवणे बोलण्यापेक्षा सोपे असते. म्हणून पाठीला पाठ. तीन मुलांच्या बाकावर तिसरा रिकामा राहतो. त्याला तपासनीस करून मराठी शब्दांची काडी-मोजणी (दर शब्दाला कागदावर एक काडी) द्यावी. दोन्ही कागदांवर तेच चौकोन भरले गेले तर दरीच उरत नाही, आणि घाईत झेरॉक्स काढताना हे हमखास होते. मुले मराठीवर येतात तेव्हा ओरडण्यापेक्षा काम तपासावे. बहुतेक वेळा ते पातळीपेक्षा अवघड असते किंवा प्रश्नाचा साचा फळ्यावरून लवकर पुसलेला असतो. गलका होतोच.

नाशिक परिसर : देवळाली छावणीमुळे या भागाचा बोलत्या इंग्रजीशी संबंध जुना आहे. मायदेशी जाण्याची वाट पाहत देवळालीत अडकून पडलेल्या गोऱ्या शिपायांच्या बोलीतून ‘डूलॅली’ (डोके फिरलेला) हा शब्द इंग्रजीत गेला. त्याचे जुने रूप ‘डूलॅली टॅप’ असून त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप, ही व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे मान्य आहे. देवाणघेवाण एकाच दिशेने झाली नाही, एवढे त्यावरून दिसते.

आजची गरज द्राक्षाने ठरवली आहे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातला निर्यातदार बागायतदार बोलताना ब्रिक्स (गोडीचे माप), रेसिड्यू (फवारलेल्या औषधांचा उरलेला अंश), पनेट (फळांची छोटी डबी), पॅकहाउस, कंटेनर, रिजेक्शन हे शब्द सहज वापरतो. नामे सगळी आहेत, ती जोडणारे वाक्य नाही. अशा वर्गात ‘धिस इज अ पेन’पासून आरंभ करणे म्हणजे वेळ घालवणे होय. ग्राहकाची खरीखुरी वाटावी अशी तक्रार घ्यावी : मणी मऊ पडले, देठ तपकिरी झाले, अमुक पेट्यांत. उत्तरात चार गोष्टी क्रमाने याव्यात : तक्रार मिळाल्याची पोच, माल कधी भरला व पूर्वशीतनाचे (पाठवण्याआधी माल थंड करण्याचे) तापमान काय होते, फोटो व पेटी क्रमांकाची मागणी, पुढे काय करणार आणि कधीपर्यंत. नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच ओळीत ‘सॉरी’. मराठी सौजन्याने लिहिलेला हा शब्द व्यवहारात चुकीची कबुली म्हणून वाचला जाऊ शकतो. ‘काइंडली डू द नीडफुल’ हेही टाळावे. नेमके काय करायचे ते त्यातून कळत नाही. गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमद्य-उद्योगात पाहुण्यांना माहिती सांगणाऱ्यांची गरज वेगळी, मुख्यतः मौखिक आहे.

दूरशिक्षणात जोडीदारच नसतो, ही अडचण यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) ज्या प्रकारचे शिक्षण देते, त्या साऱ्याला लागू आहे. संपर्कसत्रांचा वेळ व्याख्यानाऐवजी जोडीच्या कामाला देणे हा त्यातला व्यवहार्य मार्ग.

मूल्यमापन : दहावीला भाषाविषयांत ८० गुण लेखी व २० तोंडी अशी विभागणी होती. २०१८-१९ मध्ये तोंडी गुण काढले गेले. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. त्याच वर्षी अभ्यासक्रमही नवा असल्याने सारी घसरण तोंडी गुणांच्या नावे टाकता येत नाही. तरी शाळेच्या हातातले हे वीस गुण बोलण्याची परीक्षा म्हणून क्वचितच घेतले जात होते, हे शिक्षकवर्गात उघड गुपित आहे. परीक्षकाला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट विद्यार्थ्याने सांगायची, एवढी एकच अट घातली तरी पाठांतर उघडे पडते.

बोलीभाषक विद्यार्थी : बागलाण, मालेगाव, कळवण या भागांत अहिराणी आणि पेठ-सुरगाण्याकडे कोकणा बोली घरात असते. तेथे पुस्तकी मराठी हीच दुसरी भाषा, त्यामुळे मराठीतून भाषांतर करून इंग्रजी शिकवणे म्हणजे दोन ओढे ओलांडणे. सुरुवातीला बोलण्याची सक्ती न करता शिक्षकाने इंग्रजीत सूचना द्याव्यात आणि मुलांनी चित्र काढावे, अशी कामे येथे सोयीची पडतात : झाड, झाडाखाली विहीर, विहिरीच्या डावीकडे दोन शेळ्या. शेळ्या उजवीकडे निघाल्या तर ‘लेफ्ट’ समजला नाही, एकच निघाली तर ‘टू’ निसटला.