उपचार संपतात तिथून पुढचं काम

‘आता औषधानं किंवा ऑपरेशननं यापेक्षा जास्त दिसणार नाही,’ असं नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं की घरचे दुसरा डॉक्टर गाठतात, मग तिसरा. या धावपळीत वर्ष-दोन वर्षं सहज निघून जातात. तोवर वाचणं, चहा करणं, एकट्यानं वाण्याकडे जाणं ही कामं माणूस एकेक करून सोडून देतो. दृष्टिपुनर्वसन करणाऱ्या थेरपिस्टची गाठ खरं तर पहिल्याच डॉक्टरांकडून निघाल्यावर पडायला हवी. डोळा बरा करणं हे त्याचं काम नव्हे. उरलेली नजर, कान, बोटं आणि पाय यांच्या जोरावर अडलेलं काम पुन्हा सुरू करून देणं, हे त्याचं काम.

कागदावरचे आकडे इथे फारसे पुरत नाहीत. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, योग्य चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 3/60 पेक्षा कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र, म्हणजे डोळा न हलवता एका वेळी दिसणारा आवाका, 10 अंशांपेक्षा लहान असेल, तर ते अंधत्व. 6/18 च्या खाली 3/60 पर्यंत नजर असेल किंवा दृष्टिक्षेत्र 40 ते 10 अंशांच्या दरम्यान असेल, तर ती अल्पदृष्टी. 3/60 म्हणजे निरोगी डोळ्याला 60 मीटरवरून वाचता येणारं अक्षर या डोळ्याला 3 मीटरवरून वाचता येतं. म्हणजे ज्यांच्या प्रमाणपत्रावर ‘अंध’ लिहिलंय, त्यांतल्याही अनेकांना काही ना काही दिसत असतं. काचबिंदूनं कडेची नजर गेलेला माणूस बसचा नंबर वाचतो आणि पायाशी असलेल्या बाकड्याला धडकतो. मॅक्युला, म्हणजे दृष्टिपटलाचा मधला भाग खराब झालेला माणूस घरभर न अडखळता फिरतो, पण समोरच्या शेजाऱ्याचा चेहरा त्याला ओळखू येत नाही. ‘हवं तेव्हा बरोबर दिसतं यांना’ हे टोमणे बहुतेक याच दुसऱ्या माणसाच्या वाट्याला येतात, आणि ते साफ चुकीचे असतात.

म्हणून चांगला थेरपिस्ट सुरुवात उपकरणापासून करत नाही. नेमकं काय अडलंय, हे तो आधी विचारतो. ‘वाचायचंय’ एवढं उत्तर पुरेसं नसतं. पेपरातले मथळे, पोथी आणि गोळ्यांच्या चकचकीत पाकिटावरची तारीख ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत.

वाचनाचंच बघू. किती ताकदीचं भिंग लागेल याचा पहिला अंदाज सोप्या भागाकारानं येतो. नजर 6/60 असेल तर 60 भागिले 6, म्हणजे 10 डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक, चष्म्याचा ‘नंबर’ यातच असतो). भिंगाचं केंद्रांतर, म्हणजे ते कागदापासून किती दूर धरायचं ते अंतर, काढायला 100 ला डायॉप्टरनं भागायचं, उत्तर सेंटिमीटरमध्ये मिळतं. म्हणजे 10 डायॉप्टरचं भिंग कागदापासून 10 सेंटिमीटरवर हवं आणि 20 डायॉप्टरचं फक्त 5 सेंटिमीटरवर. हा हिशेब एकेक शब्द लावण्यापुरता असतो. सलग वाचायचं तर ताकद आणखी वाढवावी लागते.

भिंग ‘चालत नाही’ म्हणून कपाटात जातं, त्याचं कारण बहुतेक वेळा धरण्याच्या पद्धतीत सापडतं. हात लांब करून भिंग धरलं तर त्यातून जेमतेम दोन-तीन अक्षरं दिसतात. भिंग आधी कागदावर टेकवायचं, मग सावकाश वर उचलत अक्षर मोठं आणि स्वच्छ दिसेल तिथे थांबायचं. आता ते अंतर न मोडता कागद आणि भिंग दोन्ही डोळ्याजवळ आणायचे. अक्षराचा आकार तोच राहतो, पण एका वेळी दिसणारी अक्षरं खूप वाढतात. कोपर टेबलावर टेकलेलं हवं. हात थरथरत असेल तर पाय असलेलं, कागदावर ठेवायचं भिंग द्यावं. बाजारात मिळणारं तळहाताएवढं भिंग बघून लोकांना वाटतं, मोठं तेवढं चांगलं. वस्तुस्थिती उलट आहे: ताकद वाढते तसा भिंगाचा व्यास लहान होत जातो.

भिंगाइतकंच महत्त्व दिव्याला. दिवा बऱ्या डोळ्याच्या बाजूनं, खांद्याच्या थोडा मागून यावा आणि कागदाच्या जवळ असावा. लहान दिव्याचं अंतर निम्मं केलं तर कागदावरचा उजेड साधारण चौपट होतो, तेव्हा छताची ट्यूब बदलण्यापेक्षा टेबललॅम्प जवळ ओढणं स्वस्त पडतं. पांढऱ्या कागदाची चमक त्रास देत असेल तर काळ्या कार्डाला एका ओळीएवढी फट कापून ते पानावर ठेवायचं. चमक झाकली जाते आणि ओळही चुकत नाही. देवनागरीत हे फार कामाला येतं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला ठळक फरक शिरोरेषेपाशी असतो, आणि फिक्या छपाईत तो सगळ्यात आधी हरवतो. अशा वेळी अक्षर नुसतं मोठं करून भागत नाही, काळं-पांढरं ठसठशीत व्हावं लागतं.

मधली नजर गेली असेल तर कडेनं बघायला शिकवतात. थेरपिस्ट समोर बसतो आणि आपला चेहरा म्हणजे घड्याळाची तबकडी असं समजायला सांगतो. नजर बारावर, मग एकवर, मग दोनवर अशी फिरवत न्यायची आणि चेहरा सगळ्यात स्पष्ट कधी दिसला ते सांगायचं. ती दिशा सापडली की मुद्दाम तिकडे बघून समोरचं वाचण्याचा सराव सुरू होतो. कडेच्या दृष्टिपटलाला बारकावे कमी कळतात, त्यामुळे अक्षर मोठं लागतंच. सराव दहा-पंधरा मिनिटांचाच बरा, पण रोज दोन-तीनदा. एका बैठकीत तासभर रेटलं की डोकं दुखतं आणि माणूस पुन्हा येत नाही.

एक प्रश्न मात्र थेरपिस्टनं आपणहून विचारलाच पाहिजे: ‘नसलेल्या गोष्टी दिसतात का?’ नजर कमी झाल्यावर काहींना नक्षी, चेहरे, छोटी माणसं, जनावरं अगदी स्पष्ट दिसतात, पण आवाज येत नाही आणि हे खरं नाही हे त्यांना कळत असतं. स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी 1760 मध्ये आपल्या आजोबांच्या अनुभवावरून याचं वर्णन केलं. डोळ्यांकडून येणारी माहिती घटली की मेंदूतला दृष्टीचा भाग स्वतःच चित्रं तयार करू लागतो. वेड लागलं म्हणतील किंवा ‘बाहेरचं काही’ ठरवून कुठेतरी नेतील, या भीतीनं आजी-आजोबा कोणाला सांगत नाहीत. कारण समजलं की निम्मी भीती जाते. उजेड बदलणं, डोळे झरझर डावी-उजवीकडे फिरवणं, त्या आकृतीकडे हात नेणं यानं चित्र बऱ्याचदा विरतं. सोबत आवाजही येत असतील किंवा दिसतं ते खरंच वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

दृष्टिहीन मुलांच्या शिक्षणाची पुण्यात जुनी परंपरा आहे. पुणे अंधशाळा 1934 ची. साठीनंतर नजर गेलेल्यांकडे मात्र तेवढं लक्ष जात नाही, आणि त्यांना मुलांचाच अभ्यासक्रम देऊन चालत नाही. ब्रेलचे ठिपके एकमेकांपासून सुमारे अडीच मिलिमीटरवर असतात. मधुमेहानं नजर गेलेल्या माणसाच्या बोटांची जाणीवही अनेकदा बोथट झालेली असते, त्याला ते वेगळे लागत नाहीत. अशा माणसाला मोबाइलचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, आधी शिकवावा. नोटांचंही तसंच. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नव्या नोटांची लांबी 142, 146 आणि 150 मिलिमीटर, म्हणजे फरक फक्त चार-चार मिलिमीटरचा. वापरून मऊ पडलेल्या नोटेवरच्या कडेच्या उठावदार रेघाही लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे ॲप नोट बोलून ओळखतं, पण दुकानात गर्दीत ते उघडण्यापेक्षा घरीच नोटा वेगवेगळ्या घड्या घालून ठेवणं जास्त सोयीचं.

आता काठी. पांढऱ्या लांब काठीचं आजचं तंत्र दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी नजर गमावलेल्या सैनिकांसाठी बसवलं. उभी धरलेली काठी साधारण छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यावी. झपाझप चालणाऱ्याला थोडी लांब. मूठ बेंबीसमोर, शरीराच्या मध्यावर. टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे दोन-तीन बोटं जास्त फिरतं. डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे टेकतं, कारण पुढचं पाऊल तिथे पडणार असतं. ताल चुकला की न तपासलेल्या जमिनीवर पाय पडतो. मूठ मध्यावरून सरकली की एक बाजू उघडी राहते. नवशिक्यांच्या या दोन चुका रोज तपासाव्या लागतात.

पुण्याचे फुटपाथ मात्र पुस्तकातल्यासारखे नाहीत. पेव्हर ब्लॉकच्या फटीत बारीक टोक अडकतं आणि मूठ पोटात बसते, म्हणून फिरणारं, जाड टोक लावून काठी जमिनीवरून घसरती ठेवावी. उभ्या टेम्पोखालून काठी सरळ निघून जाते आणि कपाळ हौद्याच्या कडेवर आपटतं. यासाठी आयआयटी दिल्लीनं तयार केलेली ‘स्मार्टकेन’ गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे ध्वनिलहरींनी ओळखून मूठ थरथरवते. मेट्रो स्थानकात पट्टेवाल्या फरशा म्हणजे पुढे चला आणि ठिपकेवाल्या म्हणजे थांबा, सावध. या फरशा जपानच्या सेइची मियाके यांनी 1965 मध्ये शोधल्या. स्थानकाबाहेर मात्र बहुतेक भिस्त कानांवर. पावसात छत्रीवरचे थेंब रहदारीचा आवाज गिळतात, तिथे रेनकोट बरा, पण टोपीनं कान झाकायचे नाहीत. गणेशोत्सवात मांडवाचे बांबू पाठ झालेला रस्ता बदलून टाकतात आणि स्पीकर दिशा पुसतात. म्हणून मांडव उभे राहिले की दुसऱ्या वाटेचा सराव सोबतीनं करून घ्यावा.

सोबत करणाऱ्यालाही शिकवावं लागतं. दंड धरून ढकलायचं नाही. ज्यांना दिसत नाही त्यांना आपल्या कोपराच्या वर धरू द्यायचं आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. अरुंद जागा आली की तो हात पाठीमागे घ्यायचा, म्हणजे ते आपोआप मागे येतात. जिन्याशी थांबून ‘वर’ की ‘खाली’ ते सांगायचं. ‘इकडे या, तिकडे खुर्ची आहे’ असं न म्हणता त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर नेऊन ठेवायचा. बसायचं कसं, ते त्यांचं ते बघतात.