मुंज राहिली, न्हाण गेलं

वैशाख लागला की दापोली-गुहागरपासून खाली राजापूरपर्यंत खळ्यांमधून मुंजीचे मांडव पडायला लागतात. मुंजीला उत्तरायण हवं, हे झालं शास्त्र. पण वैशाखच का? शाळांना सुट्टी, चाकरमानी गावाला आलेले, आंबे-फणस दारात आणि मिरग अजून लांब. झापांच्या गळक्या मांडवात होम पेटवायची हौस कुणालाच नसते.

याच घरांत शे-सव्वाशे वर्षांपूर्वी मुलीचाही एक जाहीर सोहळा होत असे, पहिल्या न्हाणाचा, म्हणजे पहिल्या पाळीचा. मुंज आजही पत्रिका छापून होते. न्हाणाच्या सोहळ्याचं मात्र नावसुद्धा नव्या पिढीच्या कानावर पडत नाही. असं का झालं, याचं उत्तर थोडं कायद्यात आहे आणि बरंचसं या दोन विधींच्या घडणीत.

दोन्हींचं मूळ आठ या आकड्यापाशी येतं. किनारपट्टीवरच्या कोकणस्थ घरांत ऋग्वेदी आश्वलायन आणि कृष्ण यजुर्वेदी हिरण्यकेशी अशी संस्कारांचे नियम सांगणारी दोन सूत्रं मुख्यतः चालतात. आश्वलायन गृह्यसूत्र ब्राह्मण मुलाला आठवं वर्ष सांगतं, क्षत्रियाला अकरावं, वैश्याला बारावं. उशिरातली उशिरा मर्यादा अनुक्रमे १६, २२ आणि २४ वर्षं; ती ओलांडली की मुलगा 'पतितसावित्रीक', म्हणजे गायत्रीचा अधिकार गमावलेला. मुलींसाठी मनुस्मृतीने विवाह हेच उपनयन ठरवलं (२.६७). मग मुलाच्या मुंजीचं वय तेच मुलीच्या लग्नाचं झालं. 'अष्टवर्षा भवेद् गौरी' हे वचन पुढे घरोघरी पाठ होतं. त्याआधी हारीत या धर्मसूत्रकाराने स्त्रियांचे ब्रह्मवादिनी आणि सद्योवधू (थेट लग्न होणारी) असे दोन वर्ग सांगितले होते आणि ब्रह्मवादिनीला उपनयन व वेदाध्ययन दिलं होतं. ती वाट बुजली. हा सगळा माग काढणारे पां. वा. काणे कोकणातलेच. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा संस्कारांवरचा दुसरा खंड १९४१ चा.

फ्रेंच अभ्यासक आर्नॉल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये अशा विधींचे तीन टप्पे मांडले: जुन्या अवस्थेतून तोडणं, मधला उंबरठा, नव्या अवस्थेत घेणं. मुंज त्यात चपखल बसते. मातृभोजन आणि वपन (डोकं भादरणं) म्हणजे तोडणं. आईच्या ताटात जेवायची ही शेवटची वेळ. जानवं, मेखला, दंड आणि गायत्रीचा उपदेश घेऊन गुरूकडे राहणं हा उंबरठा. सोडमुंज म्हणजे परत येणं. सूत्रकाराच्या हिशेबात हा उंबरठा एका वेदाला बारा वर्षं एवढा रुंद होता. उपदेशानंतर अळणी खाणं, जमिनीवर झोपणं हेच मुळी तीन रात्री, बारा रात्री किंवा वर्षभर, आणि त्यानंतर मेधाजनन, म्हणजे बुद्धी वाढावी म्हणूनचा विधी. आता मेधाजनन आणि सोडमुंज बहुधा त्याच दिवशी उरकतात. संध्याकाळी बटू छत्री-जोडे घालून काशीला निघतो, मामा 'माझी मुलगी देतो' म्हणून त्याला चार पावलांवरून परत आणतो, आणि बारा वर्षं संपतात.

आटला तो काळ. साहित्य बऱ्यापैकी जुनंच राहिलं. मेखला मुंज गवताची. ते न मिळाल्यास कुश, अश्मंतक किंवा बल्वज चालतं, अशी सोय मनूनेच केलेली आहे, त्यामुळे कोकणात दर्भाच्या मेखलेला कुणी नाक मुरडायचं कारण नाही. तिला कमरेभोवती तीन वेढे, आणि गाठी एक, तीन किंवा पाच. दंड ब्राह्मणाला पळसाचा, उंची केसांपर्यंत. क्षत्रियाचा कपाळापर्यंत, वैश्याचा नाकापर्यंत. बाजारातून आणलेला दंड बहुतेक वेळा बटूपेक्षा वीतभर उंच निघतो, म्हणून उंची मोजून आदल्या दिवशीच कापून घ्यावा. अजिन, म्हणजे पांघरायचं कातडं, काळविटाचं; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर नवं मिळवणं हा गुन्हाच आहे.

जानव्याची कृती नेमकी आहे. चार बोटांभोवती सुताचे ९६ वेढे घ्यायचे, ते तिहेरी करून पीळ द्यायचा, मग पुन्हा तिहेरी करून उलट्या दिशेने पीळ. नऊ तंतू होतात, शेवटी ब्रह्मगाठ. दुसरा पीळ पहिल्याच दिशेने दिला तर सूत अंगावर गुरगुटतं, ओलं झालं की आणखी आकसतं आणि आठवड्यात तुटतं. विकतची स्वस्त जानवी टिकत नाहीत त्याचं एक कारण हेच.

मुहूर्त चुकतो तो भटजींमुळे क्वचितच. अंतरपाट दूर होऊन बापलेकांनी एकमेकांना बघायचं, तो क्षण मुहूर्ताचा. त्याआधी मातृभोजन, वपन आणि स्नान व्हायचं असतं. अष्टवर्गाच्या आठ बटूंची पंगत फोटोंसाठी रेंगाळते, न्हावी उशिरा येतो, आणि मंगलाष्टकं पळवावी लागतात. मुहूर्त साडेदहाचा असेल तर मातृभोजनाची पानं नवाच्या आत उठलेली हवीत.

गायत्री तीन फेऱ्यांत सांगायची: आधी एकेक पाद, मग अर्धी-अर्धी, मग सगळी. अक्षरं २४ हवीत, पण छापलंय तसं म्हटलं तर २३ भरतात. 'वरेण्यं'चं 'वरेणियं' केलं की पहिल्या पादाची आठ पुरी होतात. सनई आणि ध्वनिक्षेपक चालू असताना उपरण्याखाली कानात सांगितलेलं हे सगळं आठ वर्षांच्या पोराच्या लक्षात राहत नाही, यात पोराचा दोष काय? उपदेशापुरती सनई थांबवावी, एवढं तरी यजमानाच्या हातात असतं.

याच किनाऱ्यावर शेजारच्या आळ्यांत दुसरे आकडे चालतात. मुसलमान घरांत बिस्मिल्ला, म्हणजे मुलाच्या शिकण्याची सुरुवात, करायची तर चार वर्षं, चार महिने, चार दिवस हे वय धरायची रीत. अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायलींच्या धर्मात मुलगा तेराव्या वर्षी आज्ञा पाळायला जबाबदार. वसईच्या ख्रिस्ती घरांतला पहिला कम्युनियन सात-आठ वर्षांच्या मुलांचा दिसतो, तो पोप दहावे पायस यांच्या १९१० च्या आदेशामुळे; त्याआधी कॅथलिक जगात तो सर्रास दहा ते चौदाच्या दरम्यान होई. वय बाहेरून हललं तरी यातला एकही विधी मोडला नाही, कारण तो लग्नाला बांधलेला नव्हता.

न्हाण बांधलेलं होतं. मुलगी आठ-दहाव्या वर्षी लग्न होऊन बहुधा माहेरीच असे. पहिल्यांदा विटाळशी झाली की तीन दिवस बाजूला, चौथ्या दिवशी न्हाऊ घालणं, केळीच्या खांबांच्या मखरात बसवणं, साखर वाटणं, बायकांची गाणी, नारळ-तांदळाची ओटी. आणि त्याला लागूनच गर्भाधान किंवा फलशोभन, म्हणजे नवऱ्याच्या खोलीत पाठवणं. ऋतूच्या सोळा रात्रींत ते झालं पाहिजे, असा शास्त्रार्थ सांगितला जाई. तमिळ घरांत हळदीच्या पाण्याचा न्हाणसोहळा किंवा आसामातलं तुलनी बिया अविवाहित मुलीचंही होतं, म्हणून लग्नाचं वय वाढल्यावरही ते चालू राहिलं. इथे न्हाणातून गर्भाधान सोडवून काढलं तर हाती फारसं काही उरत नव्हतं.

नेमक्या या गाठीवर १८९१ चा संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधाला मुलीचं किमान वय ठरवणारा कायदा पडला. १८६० च्या दंडसंहितेतलं दहाचं वय त्याने बारा केलं. पत्नीलाही ते लागू होतं. फुलमणी या बंगालमधल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा नवऱ्याच्या संभोगाने झालेला मृत्यू ताजा होता. बाराच्या आत न्हाण आलं तर गर्भाधान चुकेल आणि धर्म बुडेल, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा. परकीय सरकारने यात पडू नये म्हणणारे टिळक जन्माने रत्नागिरीचे, आणि गर्भाधान लांबवायला शास्त्राची आडकाठी नाही असं ग्रंथाधाराने दाखवणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणचे. ग्रंथांच्या मजकुरात भांडारकरांची बाजू भक्कम होती. सभा टिळकांनी गाजवल्या.

कायद्याखाली खटले फारसे झाले नाहीत. पण सोहळा जाहीर करणं म्हणजे मुलीचं वय चव्हाट्यावर आणणं, ही अडचण उभी राहिली. पुढे बालविवाह रोखणारा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, लग्नाचं किमान वय मुलीला १४ आणि मुलाला १८. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ आणि २१ झालं. मुली शाळेत जाऊ लागल्या, लग्नाआधीच न्हाण येऊ लागलं, आणि अविवाहित मुलीचं न्हाण मिरवायची या घरांत रीतच नव्हती. मखर, साखर, गाणी गेली. बाजूला बसणं, लोणच्याला हात न लावणं, देवघरात न जाणं, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाणं हे मात्र 'कावळा शिवला' म्हणत कुजबुजीत चालू राहिलं. पहिल्या पाळीला मुलीला पाटावर बसवून गोडधोड करणारं एखादं घर आता पुन्हा दिसतं, पण पत्रिका निघते ती मुंजीचीच.