क्रम आणि गरज : अपडेटनंतर सर्व्हिस का उठत नाही, याची पार्श्वभूमी

अपडेट करून सर्व्हर रीस्टार्ट केला, तो वर आला, पण मुख्य सर्व्हिस, म्हणजे पार्श्वभूमीला सतत चालायचा प्रोग्राम, बंदच राहिली. आणि तीच सर्व्हिस हाताने सुरू केल्यावर सेकंदात चालू झाली. हिंजवडी-खराडीच्या पट्ट्यात रात्रपाळीला सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. दोष साहजिकच अपडेटच्या माथी मारला जातो. वास्तविक अपडेटने पुष्कळदा जुनीच चूक उघडी केलेली असते, आणि तिचे मूळ बूट होताना, म्हणजे सर्व्हर सुरू होताना, सर्व्हिसेसचा क्रम कसा ठरवला जात आला, यात सापडते.

१९८३ मध्ये आलेल्या युनिक्स सिस्टम फाइव्ह या ऑपरेटिंग सिस्टमची पद्धत लिनक्सनेही दीर्घकाळ वापरली. तीत प्रत्येक सर्व्हिस सुरू करणारी एक स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) असे आणि तिच्या नावाआधी ‘एस’ हे अक्षर व दोन अंकी क्रमांक लावलेला असे. एस-१० आधी, एस-८० नंतर. एक संपल्याशिवाय दुसरी सुरू होत नसे. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर हेच दिसते. पुढे कसबा, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा; पुढचे मंडळ चौकात रेंगाळले की मागची सगळी रांग खोळंबते. मात्र तांबडी जोगेश्वरीच्या गणपतीला विसर्जनासाठी कसबा गणपतीची गरज लागते असे नाही. त्याने मागून यायचे, एवढाच संकेत आहे. क्रमांकातून क्रम कळतो, गरज कळत नाही. डेटाबेस उठलाच नाही तरी एस-८० ची पाळी आली की ती स्क्रिप्ट चालणारच.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. स्क्रिप्टच्या माथ्यावर टिप्पणीच्या रूपात ‘मला आधी हे हवे’ असे लिहिण्याची प्रथा पडली आणि २०११ च्या डेबियन ६ या लिनक्सच्या वितरणात त्या टिप्पण्यांवरूनच क्रम ठरू लागला. २००५ मध्ये सोलारिस १० ने आणि अ‍ॅपलच्या मॅक ओएस टायगरने आपापले नवे मार्ग काढले, तर २००६ मध्ये उबुंटूने घटनांवर चालणारे अपस्टार्ट आणले. अखेर २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी सिस्टमडी हे बूट होताना सर्व्हिसेस सुरू करणारे सॉफ्टवेअर मांडले. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोरा १५ ने ते २०११ मध्ये, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने २०१४ मध्ये, तर डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ ने २०१५ मध्ये स्वीकारले. त्यावरून झालेली भांडणे हा स्वतंत्र विषय आहे.

सिस्टमडीने क्रम आणि गरज यांची फारकत केली, आणि माझ्या मते आजच्या निम्म्या गोंधळाचे कारण ही फारकत अंगवळणी न पडणे हेच आहे. प्रत्येक सर्व्हिसची एक युनिट फाइल असते; तीतल्या ‘आफ्टर’ या ओळीने केवळ क्रम ठरतो. ज्याच्या मागून यायचे ते सुरू करायचे की नाही, याविषयी ती काही सांगत नाही. ‘वॉन्ट्स’ आणि ‘रिक्वायर्स’ या ओळी गरज सांगतात, पण क्रम सांगत नाहीत. नुसते ‘रिक्वायर्स’ लिहिले तर दोन्ही सर्व्हिसेस एकाच वेळी सुटतात. टार्गेट म्हणजे बूटमधला एक ठरावीक टप्पा; त्यांत सर्वांत फसवे नाव ‘नेटवर्क टार्गेट’चे आहे. त्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा सुरू झाली एवढाच. आयपी पत्ता (सर्व्हरचा नेटवर्कवरचा क्रमांक) मिळाला, असा नव्हे. पत्त्याची वाट पाहायची तर ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ लागते, आणि तेही ‘वॉन्ट्स’ लिहून मागवावे लागते.

क्लाउडवर या बारकाव्याला धार आली. अ‍ॅमेझॉनची ईसी-२ सेवा २००६ मध्ये सुरू झाली आणि सर्व्हर ही भाड्याने घेण्याची वस्तू झाली. त्याचा पत्ता, होस्टनेम (सर्व्हरचे नाव), लॉगिनच्या किल्ल्या हे सारे क्लाउड-इनिट हा प्रोग्राम बूट होतानाच ठरवतो, म्हणजे रांगेत आणखी एक घटक घुसला. डिस्कची नावेही बदलली: एक्सव्हीडीएफ म्हणून ओळखली जाणारी डिस्क नव्या पिढीच्या सर्व्हरवर एनव्हीएमई या नावाने दिसू लागली. एफएस-टॅबमध्ये, म्हणजे बूटला जोडायच्या डिस्कांच्या यादीत, जुनेच नाव असेल आणि ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी चालेल) लिहिलेले नसेल, तर सिस्टमडी त्या डिस्कसाठी दीड मिनिट थांबते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जाते. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडचा सेंट्रल इंडिया विभाग २०१५ पासून पुण्यातच आहे, पण म्हणून पुणेकराला तिथे कीबोर्ड घेऊन जाता येत नाही. नेटवर्क नसतानाही सर्व्हरशी बोलता येणारे सिरियल कन्सोल उघडायचे, नाहीतर डिस्क सोडवून दुसऱ्या सर्व्हरला जोडायची आणि तिथून दुरुस्त करायची, हेच मार्ग उरतात.

अपडेटचा संबंध येतो तो फाइलींच्या जागेमुळे. पॅकेजबरोबर येणारी युनिट फाइल ‘यूएसआर’ या फोल्डरखाली असते, ती तिथल्या तिथे बदलली तर पुढचे अपडेट तो बदल पुसून टाकते. उलट, पूर्ण फाइल ‘ईटीसी’ या स्थानिक बदलांच्या फोल्डरखाली नकलून ठेवली तर नव्या आवृत्तीतली सुधारणा कधी लागूच होत नाही. त्यातच सहा-सहा महिने रीस्टार्ट न झालेल्या सर्व्हरवर दहा अपडेटांचा परिणाम एकाच बूटमध्ये दिसतो आणि पकडले जाते ते शेवटचे अपडेट.

कधी दोष खरोखर अपडेटचाच असतो. ३० ऑगस्ट २०२२ रोजी उबुंटू १८.०४ वरील सिस्टमडीच्या अपडेटनंतर अझूरवरील अनेक सर्व्हरांचे डीएनएस (नावावरून पत्ता शोधण्याची सोय) बंद पडले. ८ मार्च २०२३ रोजी उबुंटू २२.०४ वर आपोआप लागलेल्या सुरक्षा अपडेटने नेटवर्कडी हा सिस्टमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग पुन्हा सुरू झाला, त्याने स्वतः न घातलेले रूट (डेटा जाण्याचे मार्ग) पुसले आणि डेटाडॉग या सर्व्हरांवर नजर ठेवणाऱ्या कंपनीची सेवा कोलमडली. दोन्ही वेळी धक्का चालू सर्व्हरला बसला होता.

आता बाणेरच्या एका कार्यालयात पाहिलेला प्रसंग. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या खासगी आयपीवर ऐकत असे आणि युनिटमध्ये ‘आफ्टर’पुढे नेटवर्क टार्गेट होते. वर्षभर काही बिघडले नाही, कारण दुसरीच एक सर्व्हिस बूटला दहा-बारा सेकंद लावत असे आणि तेवढ्यात पत्ता मिळून जाई. अपडेटनंतर ती सर्व्हिस चटकन उठू लागली. अ‍ॅप्लिकेशन पत्त्याच्या आधी पोहोचले, पत्ताच नाही म्हणून पडले, सिस्टमडीने ते दर १०० मिलिसेकंदांनी पुन्हा उठवले आणि दहा सेकंदांत पाच प्रयत्नांची मर्यादा पहिल्याच सेकंदात संपवून नाद सोडला. आम्ही लॉगिन करेपर्यंत पत्ता आलेला होता; हाताने सुरू केल्यावर ते चालणारच होते. त्या बूटचा जर्नल (सिस्टमडीची नोंदवही) वेळेनुसार वाचला तेव्हा पत्ता मिळाल्याची नोंद शेवटच्या प्रयत्नानंतर चार सेकंदांनी आलेली दिसली.

त्याआधी एका सहकाऱ्याने सर्व्हिस सुरू होण्यापूर्वी ३० सेकंद झोपण्याची, म्हणजे नुसते थांबून राहण्याची, ओळ घातली होती, म्हणजे एस-८० चे एस-९५ करण्याचाच हा नवा अवतार. नंतर मूळ युनिटला फक्त आपल्या ओळी जोडणाऱ्या ड्रॉप-इन फाइलमध्ये नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटसाठी ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ अशा दोन ओळी लिहिल्या आणि तीनदा रीस्टार्ट करून पाहिले. झोपेची ओळ टिप्पणी करून, म्हणजे निष्क्रिय करून, अजून त्या फाइलीत ठेवलेली आहे; ती खोडायला कोणी धजावलेले नाही.