वाटीखालचं दुखणं: उडीच्या चित्रणातून कंडरेची इजा ओळखण्याची पार्श्वभूमी

अमेरिकेतली वेटलिफ्टिंगची एक स्पर्धा. बारबेल छातीशी आलेली आहे, ती डोक्यावर नेण्यासाठी खेळाडू गुडघे किंचित वाकवतो, आणि त्याच क्षणी त्याच्या गुडघ्याची कंडरा, म्हणजे जोर हाडापर्यंत नेणारी तंतूंची दोरी, तुटते. तेव्हा चित्रण चालू होतं. हालचालींचे अभ्यासक रोनाल्ड झर्निके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती फिल्म फ्रेमगणिक मोजली आणि १९७७ मध्ये निष्कर्ष छापला: तुटतेवेळी कंडरेवर त्या खेळाडूच्या वजनाच्या साडेसतरा पटींहून जास्त ताण होता. कुठलंही उपकरण शरीरात न घालता, फक्त हालचाल मोजून आतल्या कंडरेवरचा ताण काढता येतो, हे या फिल्मइतकं ठळकपणे क्वचितच कशातून दिसलं असेल.

ही कंडरा (इंग्रजीत टेंडन) गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या हाडापर्यंत जाते. मांडीचा सगळा जोर तिच्यातूनच नडगीपर्यंत पोचतो. एका झटक्यात ती तुटणं दुर्मीळ. खेळाडूंना खरा छळतो तो तिचा हळूहळू होणारा ऱ्हास. वाटीच्या अगदी खालच्या टोकाला बोट दाबलं की खेळाडू दचकतो. जिने उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना तीच जागा दुखते. १९७३ मध्ये अमेरिकी डॉक्टर मार्टिन ब्लाझिना आणि सहकाऱ्यांनी याला ‘जंपर्स नी’ हे नाव दिलं आणि दुखण्याच्या पायऱ्या सांगितल्या: आधी फक्त खेळून झाल्यावर, मग खेळतानाही, आणि शेवटी खेळच खालावतो इतकं. नाव अगदी चपखल आहे. नॉर्वेत नऊ खेळांतल्या ६१३ अव्वल खेळाडूंची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात व्हॉलीबॉलपटूंपैकी जवळपास ४५ टक्क्यांना आणि बास्केटबॉलपटूंपैकी ३२ टक्क्यांना हा त्रास होता. सायकलपटूंमध्ये एकालाही नव्हता. गुडघा दोघांचाही दिवसभर राबतो. फरक उडीचा आहे.

मग सोनोग्राफी करून आधीच का पकडू नये? मेलबर्नमध्ये संशोधक जिल कुक, करीम खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हेच करून पाहिलं आणि वेगळाच पेच समोर आला. ज्यांना काहीही दुखत नाही अशा कितीतरी खेळाडूंच्या कंडरेत बिघाडाचे काळे डाग दिसत होते. त्यातल्या काहींना पुढे दुखलं, काहींना कधीच नाही. सूज समजून वर्षानुवर्षं ज्यावर गोळ्या दिल्या, त्या दुखण्यात सूज फारशी नसतेच, तंतूंची वीणच बिघडलेली असते, हेही याच काळात ठामपणे मांडलं गेलं. चित्रात आतली रचना दिसत होती. पण रोजच्या सरावात त्या रचनेवर काय बेतत होतं, ते त्यात दिसत नव्हतं. हालचालीकडे बघण्याची गरज इथून वाढली.

हालचाल मोजण्याची विद्या तोपर्यंत शंभर वर्षं जुनी होती. फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी माणसाला काळा पोशाख चढवून, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावून चालतानाचे फोटो घेतले. १८९१ मध्ये लायप्झिगला ब्राउने आणि फिशर या जोडीने एका सैनिकाच्या अंगावर विजेवर चमकणाऱ्या नळ्या बांधल्या आणि रात्रीच्या अंधारात त्याला चालायला लावलं. नळ्या बांधायला सहा-आठ तास, चित्रणाला काही मिनिटं, आणि पुढे हाताने आकडेमोड करायला महिने! आज प्रयोगशाळेत त्वचेवर चिकटवतात ते चकाकणारे मार्कर या नळ्यांचेच वंशज. त्यात पावलाखाली जमिनीचा जोर मोजणारी फोर्स प्लेट आली, नंतर संगणक आला. जमिनीने पायाला किती ढकललं आणि त्या क्षणी गुडघा किती वाकलेला होता, हे दोन्ही एकत्र आलं की गुडघा सावरायला किती जोर लागला ते निघतं. आणि कंडरा गुडघ्याच्या फिरण्याच्या केंद्रापासून जेमतेम चार-पाच सेंटीमीटरवर असल्याने तिला तो जोर कित्येक पटींनी झेलावा लागतो.

ही विद्या थेट या दुखण्यावर लावणारं महत्त्वाचं काम १९९६ मध्ये कॅनडातून आलं. झर्निके त्यातही होते. कॅनडाच्या पुरुष राष्ट्रीय व्हॉलीबॉल संघातल्या दहा जणांच्या स्पाइक (चेंडू जोरात खाली मारणं) आणि ब्लॉक (नेटजवळ तो अडवणं) करतानाच्या उड्या मोजल्या. गुडघ्यावर जोर जितक्या झपाट्याने चढतो, उतरताना गुडघा जितका खोल वाकतो आणि नडगीला जितका पीळ बसतो, तितकी कंडरा दुखण्याची शक्यता जास्त, असं दिसलं. खेळाडू दहाच होते, त्यामुळे यावरून नियम बांधता येत नाही. पण प्रश्न बदलला. किती उड्या मारतो, एवढंच आता पुरेसं नव्हतं. खाली कसा येतो, हेही विचारणं भाग होतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ऑस्ट्रेलियातलं सुझी एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांचं २०१० च्या सुमाराचं काम. त्यांनी निवडलेल्या खेळाडूंना दुखत नव्हतं, पण सोनोग्राफीत कंडरा बिघडलेली होती. त्यांना धावत येऊन, थांबून, वर उडी मारायला सांगितलं. या उडीत पाय दोनदा टेकतात: एकदा धावेचा वेग अडवताना, एकदा वरून खाली येताना. लोकांची नजर दुसऱ्यावर असते, पण कंडरेवर जास्त झपाट्याने ताण चढतो तो पहिल्यात. आणि याच पहिल्या टेकण्यात फरक दिसला. निरोगी खेळाडूंची कंबर पाय टेकल्यावर वाकत होती. बिघडलेल्या कंडरेच्या खेळाडूंची सरळ होत होती, आणि गुडघा आधीपासूनच जास्त वाकलेला होता. इजा गुडघ्यात, आणि तिची खूण मात्र कंबरेच्या सांध्यात!

दुखणं सुरू झालेल्या खेळाडूंमध्ये हे वाचणं अवघड जातं. दुखरा माणूस आपोआप जपून उतरतो, पाय ताठ ठेवतो, भार दुसऱ्या पायावर टाकतो. मग दिसते ती चाल दुखण्याचं कारण की परिणाम? त्याच खेळाडूंकडे निरोगी असल्यापासून वर्षानुवर्षं पाहत राहिल्याशिवाय हे सुटत नाही, आणि असे अभ्यास थोडे आहेत. म्हणूनच फक्त उडी पाहून ‘याची कंडरा गेली’ असं म्हणणं चूक आहे. निदान आजही बोटाने दाबून, एका पायावर उतरत्या फळीवर बसायला लावून आणि खेळाडूचं ऐकूनच होतं. चित्रणाने कळतं ते कोणाकडे आधी लक्ष द्यायचं.

मार्करचीही गरज आता कमी होते आहे. २०१७ मध्ये आलेल्या ओपनपोझसारख्या प्रणाली साध्या व्हिडिओतून सांधे ओळखतात, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ओपनकॅप या प्रणालीला दोन फोन पुरतात. फोनच्या खाली फोर्स प्लेट नसते, त्यामुळे जोर अंदाजानेच काढावा लागतो. पण कोन दिसतात. तालुक्याच्या मैदानावर सतरा वर्षांची मुलगी वाटीखाली चोळत बसते आणि ‘वाढीचं वय आहे, जाईल’ म्हणून तिला परत नेटजवळ पाठवलं जातं, तिथे तेवढंही पुष्कळ आहे. फोन बाजूने लावायचा, कंबर चौकटीत राहील इतक्या अंतरावर, आणि चित्रण उडीपासून नाही, धाव घेतल्यापासून सुरू करायचं.